एका हाती दोन किल्ल्या नकोत : संगणकातील अधिकारांची विभागणी आणि तिची तपासणी

गावच्या देवस्थानाची दानपेटी उघडावयाची असते, तेव्हा ती एकट्याने कोणी उघडीत नाही. चार जाणती माणसे समोर बसतात, एकजण रक्कम मोजतो, दुसरा ती वहीत मांडतो, आणि शेवटी सर्वांच्या सह्या होतात. मोजणाऱ्यावर गावाचा विश्वास नसतो म्हणून ही पद्धत पडली असे नाही. उद्या कोणी शंका काढली तर मोजणाऱ्याला आपले निर्दोषत्व सिद्ध करीत दारोदार फिरावे लागू नये, हाही तिचा एक मोठा हेतू आहे. गोव्यातील देवस्थानांच्या व्यवस्थापक समितीत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि मुखत्यार अशी पदे वेगवेगळी आहेत. लिहिणारा एक, रक्कम सांभाळणारा दुसरा, ही व्यवस्था त्या पदांच्या नावांतच सांगितलेली आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट नवी नाही. शिवकालात गडाचा कारभार एकाच अधिकाऱ्याच्या स्वाधीन नसे. दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराकडे असत, शिबंदी सरनोबताच्या हाताखाली असे, हजेरी व हिशेब सबनीस पाही आणि धान्य व सामग्री यांचा कोठार कारखानिसाकडे असे. पुढे पेशवाईत दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार व पोतनीस हे आठ दरखदार प्रसिद्ध होते. मामलेदाराला त्यांना आपल्या मर्जीने दूर करता येत नसे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घराण्यांत यांतील कित्येक पदे आज आडनावांच्या रूपाने नांदत आहेत. इंग्रजी अमदानीत सरकारी कोषागाराच्या भक्कम खोलीस दुहेरी कुलूप आले : एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे, दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नसे.

या सर्व व्यवस्थांचे सूत्र एकच आहे. एखादा व्यवहार आरंभापासून अखेरपर्यंत एकाच माणसाच्या हाती असू नये. आज हा कारभार वह्यांतून संगणकात गेला आहे. सूत्र बदललेले नाही. मात्र ते पाळले जाते की नाही हे ओळखण्याची रीत पार बदलली आहे, आणि त्याच रीतीचा येथे विचार करावयाचा आहे.

डोळ्यांना न दिसणारी किल्ली

लोखंडी किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे सर्वांना दिसते. संगणकातील किल्ली दिसत नाही. कर्मचाऱ्याला एक वापरकर्ता-नाव आणि परवलीचा शब्द मिळतो, आणि त्या नावाला कचेरीत ज्याला 'रोल' म्हणतात ती भूमिका जोडली जाते. भूमिका म्हणजे अधिकारांचा जुडगा होय. 'देयक लिपिक' ही भूमिका ज्याला मिळाली त्याला देयकाची नोंद करता येते, जुने देयक पाहता येते, कदाचित दुरुस्तही करता येते. या जुडग्यात नेमक्या किती किल्ल्या आहेत हे ती देणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

दुसरे असे की लोखंडी किल्ली एकाकडून दुसऱ्याकडे गेली म्हणजे पहिल्याचा हात रिकामा होतो. संगणकात तसे आपोआप होत नाही. नव्या माणसाला अधिकार दिला तरी जुन्या माणसाचा अधिकार मुद्दाम काढून घेईपर्यंत कायम राहतो. अशा रीतीने एकेका माणसाकडे वर्षानुवर्षे किल्ल्या साठत जातात. त्या कोणी चोरलेल्या नसतात. प्रत्येक किल्ली कधीतरी रीतसर आदेशानेच दिलेली असते. म्हणूनच या साठ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

चार कामे आणि त्यांचे चार हात

पैशाचा अथवा मालाचा कोणताही व्यवहार घेतला तर त्यात चार प्रकारची कामे आढळतात. पहिले काम मान्यतेचे : खर्च करावयाचा की नाही हे ठरविणे. दुसरे ताब्याचे : रक्कम किंवा माल प्रत्यक्ष हाताळणे. तिसरे नोंदीचे : घडलेला व्यवहार वहीत चढविणे. चौथे ताळमेळाचे : वहीतील आकडा आणि बँकेतील शिल्लक, किंवा साठावही आणि कोठारातील पोती, एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहणे. ही चारही कामे चार हातांत असावीत हा आदर्श होय. निदान जी दोन कामे एकत्र आल्यास गैरव्यवहार करताही येईल आणि झाकताही येईल, ती दोन कामे एका हाती पडू नयेत, हा किमान नियम आहे.

अशा विसंगत जोड्या पुष्कळ आहेत. त्यांपैकी नेहमी आढळणाऱ्या काही पुढीलप्रमाणे सांगता येतील :

१. पुरवठादाराचे नाव व बँक खाते प्रणालीत नोंदविणे आणि त्याच पुरवठादाराला रक्कम अदा करणे. दोन्ही अधिकार असलेला माणूस अस्तित्वात नसलेला पुरवठादार उभा करू शकतो, किंवा खऱ्या पुरवठादाराचा खाते क्रमांक घटकाभर बदलून रक्कम वळवू शकतो.

२. खरेदीचा आदेश काढणे आणि माल पोहोचल्याची नोंद करणे. येथे न आलेला माल आला असे दाखविता येते.

३. वेतनपटात नवे नाव घालणे आणि वेतन देयक मंजूर करणे. येथे कधीही कामावर न आलेला कर्मचारी दरमहा पगार घेऊ शकतो.

४. रोखवही लिहिणे आणि बँकेशी ताळमेळ घालणे. येथे चूक करणारा व चूक शोधणारा एकच असतो.

५. इतरांना अधिकार वाटणे आणि स्वतः आर्थिक व्यवहार करणे. ही जोडी सर्वांत घातक होय. कारण अधिकार वाटणारा मनात येईल तेव्हा वरील चारही जोड्या स्वतःला देऊ शकतो आणि काम झाल्यावर काढूनही घेऊ शकतो.

दोन बँकांची उदाहरणे

नियम मोडल्याने काय होते याचे बोलके उदाहरण इंग्लंडमधील बेअरिंग्ज बँकेचे आहे. १७६२ साली स्थापन झालेली ही प्रतिष्ठित बँक २६ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रशासकांच्या हवाली झाली. तिच्या सिंगापूर येथील उपकंपनीत निक लीसन हा तरुण कर्मचारी बाजारात सौदे करीत असे, आणि त्या सौद्यांच्या नोंदी व हिशेब ठेवणारी कचेरीही त्याच्याच देखरेखीखाली होती. म्हणजे सौदा करणारा आणि सौदा तपासणारा एकच. १९९२ साली उघडलेल्या ८८८८८ या क्रमांकाच्या खात्यात तो तोट्याचे सौदे दडवीत गेला. त्याने कचेरीच्या संगणकप्रणालीत बदल करवून घेतला, आणि त्यामुळे लंडनला जाणाऱ्या बहुतेक अहवालांत हे खाते दिसेनासे झाले. तोटा अखेर ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला. बँकेच्या भांडवलाहूनही ही रक्कम मोठी होती. पुढे ती बँक एका डच संस्थेने नाममात्र एक पौंड किमतीला विकत घेतली, आणि डिसेंबर १९९५ मध्ये लीसनला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. बँकेच्या स्वतःच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी १९९४ सालीच सांगितले होते की ही दोन कामे एका माणसाकडे असू नयेत. दोष दिसला होता, लिहिला गेला होता, वरिष्ठांकडे पोहोचलाही होता. विभागणी मात्र झाली नाही. तपासणीचा अहवाल कपाटात पडून राहिला तर त्या तपासणीने कोणाचेही रक्षण होत नाही, हा त्यातील धडा आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी पंजाब नॅशनल बँकेने मुंबईतील एका शाखेत सुमारे ११,४०० कोटी रुपयांचे संशयास्पद व्यवहार आढळल्याचे शेअर बाजारांना कळविले. पुढे हा आकडा वाढला. परदेशी बँकांना हमीचे संदेश 'स्विफ्ट' या यंत्रणेमार्फत गेले होते, परंतु त्यांची नोंद बँकेच्या मुख्य खातेप्रणालीत नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नसल्यामुळे एकीत घडलेले दुसरीत दिसले नाही. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर जाहीर केले की या यंत्रणेच्या संभाव्य गैरवापराबद्दल ऑगस्ट २०१६ पासून बँकांना किमान तीन वेळा सावध करण्यात आले होते. यावरून असे दिसते की अधिकारांची तपासणी एकाच प्रणालीपुरती करून भागत नाही. पैसा ज्या ज्या यंत्रणेतून जातो त्या सर्व यंत्रणा एकत्र मांडून पाहाव्या लागतात.

विसंगती शिरते कशी?

साधारणतः कोणत्याही कचेरीत विसंगत अधिकार हेतुपुरस्सर दिले जात नाहीत. ते शिरण्याच्या वाटा ठराविक आहेत आणि त्या ओळखून ठेवणे उपयुक्त ठरते.

पहिली वाट बदलीची. खरेदी शाखेतील लिपिक लेखा शाखेत गेला; त्याला नवी भूमिका मिळाली, जुनी कोणी काढली नाही. दुसरी वाट रजेची. लेखापाल आठ दिवस रजेवर गेले, त्यांचा कार्यभार सहायकाला मिळाला. लेखापाल परत आले, पण सहायकाचा अधिकार तसाच राहिला. तिसरी वाट जोडभूमिकेची. 'ज्येष्ठ सहायक' या नावाखाली चार लहान भूमिका एकत्र बांधलेल्या असतात. प्रत्येक भूमिका स्वतंत्रपणे निर्दोष, परंतु चारांपैकी दोघींची जोडी सदोष. चौथी वाट दुहेरी नावाची. एकाच माणसाला दोन वापरकर्ता-नावे दिलेली असतात. प्रत्येक नाव वेगळे तपासले तर दोष दिसत नाही, माणूस एक धरला तर दिसतो. पाचवी वाट सामायिक परवलीच्या शब्दाची. शब्द कागदावर लिहून टेबलावर चिकटविला, की ती भूमिका त्या खोलीतील सर्वांचीच झाली. सहावी वाट सर्वाधिकारी नावाची. प्रणाली बसविताना तंत्रज्ञाला दिलेले सर्व अधिकारांचे नाव काम संपल्यावरही चालू राहते.

या सहाही वाटा पाहिल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दोष बहुधा एकट्या भूमिकेत नसून एकाच माणसाकडे जमलेल्या भूमिकांच्या बेरजेत असतो. यास्तव तपासणी भूमिकेच्या नावावर थांबवून चालत नाही; ती माणसापर्यंत न्यावी लागते.

तपासणीची रीत

तपासणी कशी करावी? तिच्यासाठी मोठमोठ्या संस्थांत खास संगणकीय साधने असतात. परंतु रीत समजली तर लहान कचेरीत ती कागद-पेन्सिलीनेही करता येते. तिच्या सहा पायऱ्या आहेत.

पहिली पायरी कामांच्या यादीची. प्रणालीत पैशाशी किंवा मालाशी संबंध असलेली जी जी कामे होतात ती सोप्या मराठीत लिहून काढावीत : पुरवठादार नोंदविणे, खाते क्रमांक बदलणे, देयक नोंदविणे, देयक मंजूर करणे, रक्कम अदा करणे, नोंद रद्द करणे, अधिकार देणे, इत्यादी.

दुसरी पायरी विसंगत जोड्यांच्या तक्त्याची. यादीतील प्रत्येक काम प्रत्येक कामासमोर ठेवून विचारावे की ही दोन एका हाती आली तर काय बिघडेल? दहा कामे असतील तर ४५ जोड्या होतात, शंभर असतील तर ४,९५०. मोठ्या संस्थांना यंत्राची मदत का घ्यावी लागते, हे या आकड्यांवरूनच उमजते. हा तक्ता कचेरीच्या प्रमुखाने आणि हिशेब जाणणाऱ्याने मिळून तयार करावा; संगणक तंत्रज्ञावर तो सोपवू नये. कोणता धोका मोठा हा प्रश्न कारभाराचा आहे.

तिसरी पायरी प्रत्यक्ष अधिकारांच्या यादीची. कोणाला काय दिले आहे हे कार्यालयीन आदेशांवरून न पाहता खुद्द प्रणालीतून काढावे. येथे भूमिकेच्या नावाला भुलू नये. उदाहरणार्थ, जर्मनीत १९७२ साली स्थापन झालेल्या एसएपी या कंपनीची प्रणाली जगभरच्या कारखान्यांत व अनेक सार्वजनिक उपक्रमांत वापरली जाते. तीत प्रत्येक कामाला सांकेतिक चिन्ह असते. देयक नोंदविण्याचे एफबी६०, रक्कम अदा करण्याचे एफ११०. त्याखेरीज त्या कामात नेमके काय करता येईल याचाही वेगळा अंक असतो : ०१ म्हणजे नवी नोंद करणे, ०२ म्हणजे बदल करणे, ०३ म्हणजे केवळ पाहणे. 'अहवाल पाहणारा' असे भूमिकेचे नाव असूनही आत ०२ असेल तर ती भूमिका पाहणाऱ्याची राहत नाही. उलटपक्षी दोन कामांची नावे विसंगत दिसली तरी एका ठिकाणी केवळ ०३ असेल तर त्या जोडीत दोष नाही.

चौथी पायरी जुळणीची. तक्ता आणि यादी शेजारी ठेवून प्रत्येक माणसाच्या नावासमोर विसंगत जोड्या आढळतात काय ते पाहावे. एका माणसाची सर्व वापरकर्ता-नावे आणि सर्व प्रणाली एकत्र धराव्यात.

पाचवी पायरी उपयोगाच्या शोधाची. अधिकार असणे आणि तो वापरला जाणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. विसंगती आढळली म्हणजे लगेच माणसावर आळ घेऊ नये. प्रणालीतील नोंदींचा मागोवा काढून पाहावे की एकाच देयकावर नोंद करणारे आणि मंजूर करणारे नाव एकच आहे काय. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबाच्या प्रणालीत प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम लागू आहे. हा मागोवा तपासनिसाचा सर्वांत विश्वासू साक्षीदार होय.

सहावी पायरी उपायाची. जेथे शक्य तेथे एक अधिकार काढून घ्यावा. जेथे काढता येत नाही तेथे कारण लिहावे, पर्यायी देखरेख ठरवावी, ती कोण करणार त्याचे नाव व मुदत लिहावी, आणि प्रमुखाने सही करावी. बेअरिंग्ज बँकेत नेमकी हीच पायरी राहून गेली होती.

एक उदाहरण घ्यावे. समजा, एका सहकारी खरेदी-विक्री संघात 'क' हा कर्मचारी पूर्वी खरेदी शाखेत होता व पुरवठादारांची नावे नोंदवीत असे. दोन वर्षांपूर्वी तो लेखा शाखेत आला व देयके अदा करू लागला. व्यवस्थापकाच्या आदेशवहीत तो केवळ लेखा लिपिक आहे. प्रणालीतून यादी काढली तेव्हा पुरवठादाराचे खाते बदलण्याचा अधिकारही त्याच्या नावावर आढळला. मागोवा घेता दोन वर्षांत त्याने तो एकदाही वापरला नसल्याचे दिसले. अधिकार त्याच दिवशी काढला गेला आणि तसे टिपण झाले. 'क' निर्दोष होता हे या तपासणीनेच सिद्ध झाले. तपासणी झाली नसती आणि उद्या तिसऱ्याच कोणी त्याच्या नावाने खाते बदलले असते, तर पहिला संशय त्याच्यावरच आला असता.

ही तपासणी वर्षातून निदान दोनदा, आणि प्रत्येक बदली, बढती व निवृत्तीच्या वेळी व्हावी. याहून उत्तम म्हणजे नवी भूमिका देण्यापूर्वीच तक्ता पाहावा. शिरलेली विसंगती काढण्यापेक्षा ती दारातच अडविणे सोपे असते.

माणसेच थोडी असतील तर?

येथे ग्रामीण भागातील श्रोत्यांच्या मनात एक रास्त प्रश्न येईल. लहान पंचायतीत एक सचिव आणि एक लिपिक. दुर्गम शाळेत दोनच शिक्षक. दूध संस्थेत एकच चिटणीस. चार कामांना चार हात आणावेत कोठून?

याचे उत्तर असे की हात कमी असतील तर डोळे वाढवावेत. ज्या दोन कामांची जोडी सर्वांत घातक, तेवढी तरी फोडावी. नोंद चिटणिसाने केली तर रक्कम अदा करण्याची अखेरची मान्यता अध्यक्षाने द्यावी. बँकेचे महिन्याचे विवरणपत्र चिटणिसाच्या हातून न येता थेट बँकेतून समितीच्या दुसऱ्या सदस्याकडे यावे व त्याने ते वहीशी ताडून पाहावे. खाते क्रमांकात झालेल्या प्रत्येक बदलाची यादी दरमहा समितीपुढे वाचली जावी. शाळेत तांदळाचा साठा एका शिक्षकाने उतरवून घेतला तर महिनाअखेरची मोजणी दुसऱ्याने, शक्य तर शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या पालकासमक्ष करावी. कर्मचाऱ्याने वर्षातून काही दिवस सलग रजा घ्यावी व त्या काळात त्याचे काम दुसऱ्याने पाहावे, ही रीतही अनेक बँकांत याच कारणासाठी पाळली जाते. रोज हजर राहूनच जे झाकता येते ते अशा वेळी उघडे पडते.

सही ज्याची, किल्ली त्याची

ग्रामपंचायतींच्या कारभारात हा विषय आता अगदी दारापर्यंत आला आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या प्रणालीतून पंचायतींच्या खर्चाचा हिशेब ठेवला जातो आणि ती केंद्र शासनाच्या सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीशी जोडलेली आहे. रक्कम अदा होण्यासाठी दोन अंकीय सह्या लागतात : एक नोंद करणाऱ्याची, दुसरी तपासून मान्यता देणाऱ्याची. कचेऱ्यांत यांनाच 'मेकर' आणि 'चेकर' म्हणतात. सामान्यतः सचिव आणि सरपंच ही दोन माणसे या दोन सह्या करतात. म्हणजे कोषागाराच्या दुहेरी कुलपाचीच ही नवी आवृत्ती होय.

परंतु ही सही ज्या छोट्या उपकरणात साठविलेली असते ते दोन्ही 'डोंगल' जर संगणक चालविणाऱ्याच्या एकाच खणात पडलेले असतील आणि त्यांचे परवलीचे अंक त्याच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेले असतील, तर कागदोपत्री दोन सह्या आणि प्रत्यक्षात एकच हात अशी स्थिती होते. संगणक चालविणारा मुलगा कितीही सज्जन असला तरी त्याच्यावर हा भार टाकणे अन्यायाचे आहे. सरपंचांच्या दृष्टीनेही ही गोष्ट साधी नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अंकीय सहीला कायद्याची मान्यता आहे, आणि आपली खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी दक्षता घेणे हे सही धारण करणाऱ्याचे कर्तव्य त्याच अधिनियमाच्या कलम ४२ ने ठरविले आहे. 'ते काम कचेरीतला मुलगाच करीत असे' हे उत्तर तेव्हा पुरे पडत नाही. संगणकाचा सराव नसेल तर सरपंचांनी मुलाला शेजारी बसवून पडद्यावरील नाव, रक्कम व खाते क्रमांक मोठ्याने वाचून घ्यावा. मात्र उपकरण स्वतःच्या हाताने लावावे, अंक स्वतः दाबावेत आणि काम होताच उपकरण घरी न्यावे.

शिक्षकांनी या कामी मोठे साहाय्य करण्यासारखे आहे. गावातील जाणते आणि नि:पक्षपाती म्हणून त्यांना मान असतो. सहकारी संस्था, देवस्थान, वाचनालय, दूध संस्था यांच्या समित्यांत ते असतातच. वर वर्णिलेला विसंगत जोड्यांचा तक्ता एका फळ्यावर मावतो. तो समितीपुढे मांडून चर्चा घडवून आणणे शिक्षकाला सहज शक्य आहे. अधिकाऱ्यांनी आपल्या अखत्यारीतील प्रत्येक कचेरीकडून वर्षातून दोनदा 'कोणाकडे कोणता अधिकार' ही यादी प्रणालीतून काढून मागवावी, आणि मागील यादीशी ताडून पाहावी. गेल्या सहा महिन्यांत बदलून गेलेल्या वा निवृत्त झालेल्या माणसाचे नाव तीत आढळले, तर पुढचे सर्व प्रश्न तेथूनच विचारावयास आरंभ करावा.

प्रत्येक पंचायतीने व संस्थेने पुढील आर्थिक वर्ष लागण्यापूर्वी आपल्यापुरत्या चार प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावीत. आमच्या प्रणालीत आज किती नावे चालू आहेत? त्यांपैकी किती माणसे प्रत्यक्ष कामावर आहेत? नोंद करणारा आणि मान्यता देणारा एकच असू शकेल असे एकतरी काम आहे काय? असल्यास त्यावर नजर कोणाची, आणि त्याने शेवटचे केव्हा पाहिले? या चार उत्तरांना एक दुपार पुरते. ती दुपार खर्च केली तर सार्वजनिक पैसा सुरक्षित राहील, आणि त्या पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या प्रामाणिक कर्मचाऱ्याला आपल्या नावाची चिंता न करता निर्धास्तपणे काम करता येईल.